फटफटीच्या घागरी

गळती म्हणावी इतकी ती गळती नव्हती. मिनिटाला सात थेंब. मी घड्याळ हातात धरून मोजले होते. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले तेव्हा साडेसहा भरले. अर्धा थेंब कसा मोजला, असे कचेरीतल्या एकाने खवचटपणे विचारले. ज्याने आयुष्यात दोन बैलांपलीकडे काही हाकलेले नाही, त्याच्याशी मी त्या काळी यंत्राविषयी बोलत नसे.

यंत्र म्हणजे माझी फटफटी. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनियरच्या लिलावात ती मला मिळाली. तिला डाव्या बाजूने एक बसायची डबी जोडलेली होती. साहेब तिला साइडकार म्हणे, धुळ्याचे लोक पाळणा म्हणत. बाकीच्या फटफट्या वाऱ्यावर थंड होतात; माझी पाण्यावर थंड होई. दिव्याच्या खाली पितळेची एक जाळीदार टाकी होती. तिच्यातले पाणी इंजिनाभोवती फिरून येई आणि त्याचे डोके ठिकाणावर ठेवी. पाणी पिणारी फटफटी धुळ्यात दुसरी नव्हती. ही गोष्ट मी आपण होऊन कधी कुणाला सांगितली नाही. कुणी विचारले तरच सांगे. कुणी विचारले नाही, तर विचारीपर्यंत तिथेच उभा राही.

तर ह्या टाकीच्या तळाशी, सन पस्तीसच्या उन्हाळ्यात, आखाजीला बारा दिवस उरले असताना, गळती लागली.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. पण खानदेशात नुसते अक्षय तृतीया म्हटले तर तो सण पंचांगातला वाटतो. आखाजी ही सासुरवाशिणींची. ह्या दिवसांत लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि सासरच्या माणसांबद्दल वर्षभर साठवलेले सगळे त्या गाण्यांत घालतात. मात्र लेक आपली आपण उठून येत नाही. तिला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. आमच्या कुटुंबाचे, म्हणजे मंजुळाबाईंचे, माहेर नशिराबादचे. मुराळी म्हणून त्यांचा भाऊ धनसिंग दरवर्षी येई आणि गेली तीन वर्षे हात हलवीत परत जाई. एकदा मला विषमज्वर झाला, एकदा घरात गोवर होता, आणि एकदा कचेरीत तपासणी होती. तिन्ही वेळा मंजुळाबाई काही बोलल्या नाहीत. चौथ्या वर्षीही त्या काही बोलल्या नसत्या, ह्याची मला धास्ती होती.

म्हणून मी धनसिंगाला पत्र टाकले: "यंदा मुराळी येण्याची तसदी घेऊ नये. तुमच्या भगिनीस आम्ही स्वतःच्या वाहनाने आखाजीच्या आदल्या दिवशी दोन प्रहरी घेऊन येत आहो." 'स्वतःच्या वाहनाने' ह्याखाली मी रेघ ओढली होती. पत्र टपालात पडले आणि तिसऱ्या दिवशी फटफटीखाली ओल दिसली.

"आगगाडीने जाऊ," मंजुळाबाई म्हणाल्या. "चाळीसगावला गाडी बदलली की झालं. आगगाडी गळत नाही."

"पत्रात वाहन लिहिलंय."

"मग आगगाडी काय वाहन नाही?"

"स्वतःचं लिहिलंय," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पोळी लाटायला घेतली.

आमच्या शेजारी भटूनाना राहत. महसूल खात्यात सर्कल होते, आता पेन्शनीत. कलेक्टराच्या मोटारीत ते एकदा शिरपुरापर्यंत बसून गेले होते, तेव्हापासून मोटारी ह्या विषयावर त्यांचा शब्द आळीत शेवटचा समजला जाई. ते आले, फटफटीपुढे वाकले, बोटावर एक थेंब घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "पाणी आहे."

"हो नाना."

"मग सोपं आहे. उडदाचं पीठ, थोडा चुना, बाभळीचा डिंक. कालवायचं आणि आत सोडायचं. पाणी फिरता फिरता पीठ भोकापाशी जातं आणि बसतं. आमच्या गावची विहीर ह्याच मसाल्यात बांधलेली आहे. ऐंशी वर्षं झाली, चिरा हललेला नाही."

विहीर उकळत नाही, हे उत्तर मला सुचले; पण ते चार दिवसांनी. त्या वेळी मला नानांचे म्हणणे शास्त्रीय वाटले. मंजुळाबाई दारात उभ्या होत्या.

"अहो, उडीद गरम पाण्यात फुगतात."

"हे यंत्रशास्त्र आहे," मी म्हणालो.

"असेल. पण उडीद फुगतात."

दीड शेर पीठ टाकीत गेले. आणि सांगायला आश्चर्य वाटते, गळती थांबली! मी खाली हात धरून पाच मिनिटे बसलो, हात कोरडा. नानांनी आळीतल्या चौघांना बोलावून माझा कोरडा हात दाखवला. मग मी काळा कोट चढवला आणि चाचणी म्हणून पांझरेच्या पुलापर्यंत जायला निघालो. जाताना सगळे ठीक होते. येताना मला भूक लागल्यासारखे झाले. का, ते कळेना. मग ध्यानात आले की कुठून तरी वरणाचा वास येतो आहे. हा वास मी जाईन तिकडे माझ्या पुढे पुढे चालला होता. भर पेठेत टाकीचे झाकण एक आवाज करून उडाले आणि मागोमाग उडदाचे घुटे कारंज्यासारखे वर गेले.

वर गेले ते खालीही आले. माझ्या कोटावर आले, एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या नव्या पगडीवर आले, आणि बरेचसे रस्त्यावर. झाकण एका माडीच्या कौलांवर सापडले. मी फटफटी ढकलीत घरी आणली तेव्हा मागून एक बकरी पाळणा चाटत चाटत येत होती, आणि तिला हाकलायला हात मोकळा नसल्यामुळे मी ती माझ्याबरोबरच आहे असा चेहरा करून चाललो.

नानांनी पुन्हा तपासणी केली. मडगार्डावरचे बोटाने उचलले, जिभेला लावले, डोळे मिटले.

"मीठ कमी पडलं," ते म्हणाले.

टाकी साफ करायला दोन दिवस गेले. ते काम मंजुळाबाईंनी केले. गरम पाणी ओतत, बांबूच्या काडीने खरवडत त्या सगळे बाहेर काढीत होत्या. एकदाही "मी म्हटलं होतं" असे म्हणाल्या नाहीत. म्हटले असते तर मला बरे वाटले असते.

सात दिवस उरले. मग मी जुन्या धुळ्यात नूर महंमदकडे गेलो. नूर महंमद कल्हई करी, गळक्या भांड्यांना कथिलाचा डाग देऊन भोके बुजवी. मी आधीच त्याच्याकडे का गेलो नाही, असे तुम्ही विचाराल. त्याच्या दुकानात पातेली, बंब, हंडे पडलेले असत. विलायती इंजिन त्या रांगेत नेऊन ठेवायचे म्हणजे माझ्या जिवावर आले होते.

त्याने टाकी उन्हात धरली. एक डोळा मिटला. "साहेब, छेद एवढासा आहे. गव्हाच्या दाण्याएवढा डाग देतो. बास होईल."

"दाण्याने काय होणार, नूरमियाँ? नशिराबादपर्यंत जायचंय. भरपूर द्या."

"भरपूर दिलं तर आच भरपूर द्यावी लागेल. आच लागली की शेजारचे जुने डाग सुटतील. पुराना माल आहे."

"सुटले तर बघू. पण डाग चांगला जाड हवा."

माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने आग्रह धरल्यावर तो बिचारा काय करणार? त्याने भाता चालवला, जाड डाग दिला. तो डाग अजून तसाच आहे. पृथ्वी बुडाली तरी तो डाग राहील. फक्त त्याच्या दोन्ही बाजूंचे जुने डाग सुटले आणि एकाची तीन भोके झाली.

नूर महंमदने पाण्याचे घंगाळ पुढे ओढले. टाकी पाण्यात बुडवून तीन ठिकाणचे बुडबुडे मला नुसते दाखवले. तक्रारीचा सूर नाही, काही नाही. माणसाने असे वागू नये. समोरच्याला फार लागते.

"आता सगळी जाळी उकलून नव्याने जोडावी लागेल. पण आखाजी आहे साहेब." त्याने मागे हात केला. भिंतीशी छतापर्यंत पातेली रचली होती. "सगळ्या धुळ्याची पुरणं थांबलीत. आखाजीनंतर या. तोवर साबण घासून देतो. गावातल्या गावात चालेल."

साबण लावलेली टाकी घरी आली. मिनिटाला एकोणीस थेंब.

चार दिवस उरले असताना सरकार ह्या प्रकरणात आले. गावातल्या एका खात्याकडून (खाते कोणते ते सांगत नाही, त्यातले दोघे अजून मला रस्त्यात नमस्कार करतात) मला नोटीस आली, की आपण सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना पाणी सोडीत आहा. मी स्वतः हेडक्लार्क. नोटिशीला उत्तर देणे हा माझा धंदा. मी तीन पानी खुलासा लिहिला, की सदर पाणी सोडले जात नसून ते जात आहे. एवढे लिहिले नसते तर नोटीस कपाटात पडून तिला बुरशी आली असती. पण तीन पाने आल्यावर खात्याला चौकशी करणे भाग पडले. चौकशीला कौतिक नावाचे इन्स्पेक्टर आले. बरोबर तांब्या, घड्याळ आणि एक छापील फॉर्म.

कौतिकराव पाऊण तास फटफटीखाली तांब्या धरून बसले. मग चहा घेता घेता फॉर्म भरू लागले आणि अडले.

"अडचण आहे, लोटनराव. इथं दोनच रकाने आहेत. नळ किंवा गटार."

"ही फटफटी आहे."

"ते मला दिसतंय हो. पण फॉर्मला दिसत नाही ना." त्यांनी बराच विचार केला. "नळ लिहिलं तर पाणीपट्टी लागेल. तुमचं नुकसान कशाला करू?" आणि त्यांनी अत्यंत सद्भावनेने लिहिले: गटार. पुढे कंसात: फिरते.

मी त्यांचे आभार मानले. मानायला नको होते. कारण आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी, मंजुळाबाई नवे लुगडे नेसून पाळण्यात बसल्या, मी किक मारायला पाय उचलला, तोच कौतिकराव धावत आले.

"थांबा, थांबा! कुठं निघालात?"

"नशिराबादला."

"गटार घेऊन? लोटनराव, तुम्ही स्वतः कचेरीतले. गटार जागेवरून हलवायला मंजुरी लागते. नाही तर माझ्या नोकरीवर येईल हो."

"मग द्या मंजुरी."

"साहेब देतात. साहेब सकाळीच गावी गेले. आखाजी आहे ना!"

मी पाय खाली घेतला. आळी जमली होती. भटूनाना म्हणाले, "कायद्यापुढे इलाज नाही." मंजुळाबाई पाळण्यातून उतरल्या, आत गेल्या आणि नवे लुगडे सोडून जुने नेसल्या. तिकडे नशिराबादेत धनसिंग दोन प्रहरी वेशीपाशी उभा राहणार होता. मुराळी येऊ नका असे मीच रेघ ओढून कळवले होते. म्हणजे ह्या बाईचे चौथे वर्ष मी एकट्याने, कुणाची मदत न घेता, बुडवले होते. आधीच्या तीन वर्षांना निदान ज्वर, गोवर आणि तपासणी ह्यांचा हात होता.

दुपारी जेवताना मी ताटाकडे पाहत होतो. मंजुळाबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "उद्या कचेऱ्यांना सुट्टी ना?"

"सणाची सुट्टी."

"मग कौतिकराव कुठं असतील?"

"आपल्या घरी. पुरणपोळी खात."

"मग गटार हललं का नाही, ते बघायला कोण येणार?" त्या म्हणाल्या आणि आमटी वाढून आत गेल्या. वीस वर्षे कचेरीत काढूनही मला हा मुद्दा सुचला नव्हता. संध्याकाळच्या आत धनसिंगाला पोचावे म्हणून मी तार केली: "एक दिवस उशीर. कारण सरकारी."

आखाजीच्या पहाटे आम्ही निघालो. नशिराबाद बासष्ट मैल. पाळण्यात मंजुळाबाई, त्यांच्या पायाशी पाण्याने भरलेला घासलेटचा डबा. माझा हिशेब असा होता, की डबा पारोळ्यापर्यंत पुरेल. डबा फागण्यापर्यंत पुरला. फागणे धुळ्यापासून सात मैल; इंजिन तापले की साबण सुटे आणि थेंबांची धार होई.

तिथल्या विहिरीवर डबा भरला आणि पुढे मुकटी गाठेपर्यंत तोही संपला. ऊन चढले होते. इंजिनातून असा आवाज येऊ लागला, की जणू आत कुणी दात खाते आहे. मी एका घरापुढे फटफटी उभी केली. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. पुढ्यात भरलेली मातीची घागर, तिच्या तोंडावर आंबा, गळ्यात सुताचा धागा. आखाजीला आमच्याकडे घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने अशी घागर भरतात आणि ती दान देतात.

"काय व्हयनं भाऊ?" म्हातारीने विचारले.

"आजी, गाडीला पाणी पाहिजे."

"गाडीले? गाडी पानी पेस?"

"पिते. आणि सगळं खाली गाळते."

म्हातारी उठून जवळ आली. थेंब पडताना तिने बराच वेळ पाहिले. तिचा चेहरा मऊ झाला.

"मना म्हाताराबी अस्साच व्हता. घडी घडी पानी पे, नि बठ्ठा घाम काढी दे. आनि असाच फुरफुरे." तिने घागर उचलली. "हाई त्यानाच नावनी शे. पाज तिले."

मी पाणी टाकीत ओतले. त्या माणसाला मी कधी पाहिले नव्हते. पण त्याच्या नावाचे पाणी पोटात जाताच इंजिन शांत झाले, एवढे खरे. घागर परत देऊ लागलो तर म्हातारी मागे सरली.

"देयेल घागर परत लेतस नही भाऊ! पाप लावशी काय मले? आते आंबा ले. नि जेवाले बठ."

जेवायला म्हणजे पितर म्हणून. ज्याच्या नावाची घागर दिली, त्याच्या नावाने एक माणूस जेवू घालायचा, अशी रीत आहे. घागर मी घेतली होती; सुटका नव्हती. मला पाटावर बसवले. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. म्हातारी वारा घालत होती आणि मधून मधून माझ्याकडे पाहून म्हणत होती, "खाय ना! जिता व्हता तवय तर चार खाये." मी चार खाल्ल्या. पंचेचाळिसाव्या वर्षी मी त्या घरचा कैलासवासी म्हातारा झालो.

जेवून बाहेर आलो तर पाळणा रिकामा. मंजुळाबाई समोरच्या निंबाच्या झोक्यावर होत्या. त्या गावच्या लेकींनी त्यांना हाताला धरून नेले होते. मी घड्याळ दाखवले. त्यांनी वरूनच हात हलवला, म्हणजे "आलेच". झोका मात्र थांबला नाही.

ह्यापुढे काय झाले ते मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते सविस्तर आठवले की अजून पोट दुखते. फटफटीला दर पाचसहा मैलांवर पाणी हवे होते. रस्ता गावांतून जात होता, आणि त्या दिवशी प्रत्येक गावात प्रत्येक ओट्यावर कुणाच्या ना कुणाच्या नावाची घागर भरून तयार होती. घेणारा मिळाला नाही म्हणून लोक खोळंबलेले. अशा वेळी रस्त्यावरून एक तहानलेली वस्तू येते आणि थेंब थेंब गाळत दारात उभी राहते! पारोळ्याला तर दोन घरांत भांडण लागले.

"आम्हना आजाले आधी!"

"तुमना आजाले मागला सालबी आधीच दिन्हं! आमना काकाले दोन सालपासून कोनी मियेल नही!"

शेवटी निम्मे पाणी आजाचे, निम्मे काकाचे असे ठरले, आणि मला दोन्ही पाटांवर बसावे लागले. आजा तिखट खाणारा होता, काका गोड. एरंडोलला मी एका सावकाराचा बाप झालो. त्या बापाशी सावकाराचे पटत नसावे. त्याने वाढले भरपूर, पण सगळा वेळ माझ्याकडे रागाने बघत होता. पाळधीला मी हात जोडले. म्हणालो, "बाबांनो, मला जागा नाही." त्यांनी माझे ऐकले आणि पान बांधून दिले.

प्रत्येक ठिकाणी मी जेवून बाहेर येई तेव्हा मंजुळाबाई झोक्यावर असत. पारोळ्याला त्यांना माहेरची एक मैत्रीण भेटली, लग्न होऊन तिथे दिलेली; तिलाही यंदा न्यायला कुणी आले नव्हते. दोघी एकाच फळीवर उभ्या राहून झोका घेत होत्या आणि इतक्या हसत होत्या, की मी हाक मारायला उघडलेले तोंड मिटले. एरंडोलला त्या नवे गाणे शिकल्या. त्यात भरताराच्या पोटाचे वर्णन होते.

पण ऊन कलायला लागले तशा त्या गप्प झाल्या. आमच्याजवळ आता नऊ घागरी होत्या. पाळण्यात त्यांच्या मांडीवर दोन, पायाशी चार, काखेत एकेक, आणि एक माझ्या मागे बांधलेली. आंब्यांच्या वासाने मला मळमळत होते.

"पाच वाजले असतील?" त्यांनी विचारले.

"साडेपाच."

"दिवस बुडाला की बायका गौराई बोळवतात. झोका सोडतात."

"पोचू."

"सगळ्या गावचा झोका मिळाला," त्या घागरींमधून म्हणाल्या. "आता आपल्या गावचा राहिला."

मी वेग वाढवला. वेग वाढवला की इंजिन तापे, इंजिन तापले की पाणी संपे, पाणी संपले की थांबावे लागे. म्हणजे घाई केल्याने उशीरच होत होता. जळगावात पाण्यासाठी थांबलो तर नळावरच्या माणसाने वाहनाला पाणी देता येत नाही म्हणून सांगितले. शहर ते! तिथे कुणाचे पितर तहानलेले नव्हते. मग पाळधीचे बांधून दिलेले पान त्या माणसाला दिले, तेव्हा नळ सुटला, तोही टाकीपुरताच.

नशिराबादची वेस दिसली तेव्हा सूर्य टेकला होता. वेशीपासून दोन शेतांवर फटफटी एकदा खोकली आणि उभी राहिली. टाकीत थेंब नाही, डब्यात नाही, आणि नऊच्या नऊ घागरी रिकाम्या. निंबाखाली बायका दिसत होत्या. एकजण फांदीवर चढून झोक्याचा दोर सोडवीत होती.

"अहो, सोडला!" मंजुळाबाई म्हणाल्या.

त्या उतरू बघत होत्या, पण घागरींत अशा गच्च बसल्या होत्या की बाहेर पाय टाकता येईना. मी एकेक घागर काढायला लागलो. "फोडा," त्या म्हणाल्या. "कशा फोडू? लोकांचे बापजादे आहेत ते!" मी म्हणालो. शेवटी त्यांनी तशाच, मांडीवरच्या दोन घागरी हातात धरून, पाळण्यात उभे राहून मोठ्याने हाक मारली. आमच्या लग्नाला अठरा वर्षे झाली होती. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"ए बायांनो! दोर सोडू नका गं! मी आले!"

बायांनी वळून पाहिले. माळावर एक इंजिन वाफ सोडते आहे, एक काळा कोटवाला घागरी उतरवतो आहे आणि घागरींच्या मधोमध आपली मंजुळा उभी आहे. एकदम गलका झाला. फांदीवरचीने दोर पुन्हा आवळला. धनसिंग पळत आला. तो दोन दिवस वेशीवर उभा होता.

"पाव्हणे," तो धापा टाकत म्हणाला, "ह्यापेक्षा बैलगाडी घेऊन मीच आलो असतो तर परवा पोचलो असतो."

मी शेवटची घागर उतरवून ठेवली. मंजुळाबाई तोवर अनवाणी शेतातून निघूनही गेल्या होत्या. मी फटफटी ढकलीत वेशीत शिरलो तेव्हा निंबाखाली अंधुक झाले होते. तरी झोका दिसत होता, वर जाताना आणि खाली येताना. गाणे एरंडोलचे होते. सगळ्या गावाने ते लगेच उचलले.

माझ्या सासूबाई झुंबरबाई दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. "जावईबापू, किती वाळलात! चला, पान वाढलंय." मी त्या पाटावर कसा बसलो आणि काय खाल्ले, ते मी सांगणार नाही. त्या घरात निदान मी कुणी मेलेला माणूस नव्हतो.

दोन दिवसांनी धनसिंगाने फटफटी बैलगाडीमागे बांधून जळगावला एका जिनिंगातल्या फिटरकडे नेली. फिटरने विडी पेटवली, जुने डाग काढले, नवे दिले, तळाची चक्की, म्हणजे पाणी काढायचा नट, पान्याने आवळली. विडी संपली तेव्हा काम झाले होते. मी टाकीखाली हात धरला. कोरडा. अर्धा तास धरला, तरी कोरडा.

परतीला आम्ही तीन तासांत धुळ्यात होतो. कुठेही थांबावे लागले नाही. एरंडोल कधी गेले कळले नाही. पारोळ्यात कुणीतरी हात केला, तोवर आम्ही पुढे. मुकटीला म्हातारी ओट्यावर बसली होती. फटफटीचा आवाज ऐकून ती उठली, आत वळून कुणाला तरी "लोटा आन" म्हणाली असावी. मी भोंगा वाजवला आणि दिमाखात निघून गेलो. मंजुळाबाई पाळण्यात मागे वळून त्या झोक्याच्या निंबाकडे बराच वेळ पाहत होत्या.

"पाहिलंत?" मी म्हणालो. "एक थेंब नाही!"

"पाहिलं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर वर्षभर फटफटी उत्तम चालली. पुढच्या आखाजीला मी धनसिंगाला पुन्हा पत्र टाकले, ह्या वेळी रेघ न ओढता. निघायच्या आदल्या दिवशी कचेरीतून जरा लवकर सुटलो. आळीत शिरलो तर आमच्या अंगणात मंजुळाबाई फटफटीपुढे उकिडव्या बसलेल्या. पदर खोचलेला, हातात पाना. टाकीच्या तळाची चक्की त्यांनी अर्धा फेरा सैल केली, खाली तळहात धरला आणि वाट पाहिली. काही पडले नाही. थोडा विचार करून आणखी पाव फेरा फिरवली. मग तळहाताकडे पाहून त्यांनी मान डोलावली.

मी फाटकाबाहेरच थांबलो. मोठ्याने खाकरलो, जोडे दोनतीनदा आपटले, भटूनानांना उगाच एक हाक मारली. आणि पाना लपवून त्या स्वयंपाकघरात पोचल्या असतील अशी खात्री झाल्यावरच मग आत गेलो.